ओळंबा

झुल्मिराच्या गाडीच्या डिकीत कायम असतात
नऊ लिंबं, निळा काचेचा वाडगा,
पाठीच्या रंगावरून विकत घेतलेली पाच जाड पुस्तकं,
आणि मी.
म्हणजे बसतो मी पुढच्याच सीटवर,
पण हिशोबात त्यांच्यातला.

पोर्तोपासून वर, समुद्राच्या कडेनं,
अकरा वर्षं आम्ही घरांचे फोटो काढतोय.
आर्किटेक्ट फोन करतात: घर झालंय,
माणसं राहायला यायच्या आत या.
म्हणजे पहिला खिळा ठोकायच्या आत.

ती आधी बूट काढते.
रिकाम्या खोलीत नुसती उभी राहते बराच वेळ,
आजाऱ्याच्या उशाशी राहावं तशी.
मग ट्रायपॉड, कंबरेच्या उंचीवर,
आणि बुडबुडा मध्यावर येईपर्यंत श्वास धरलेला.
भिंती ओळंब्यात हव्यात, टेल्मो.
माणूस कलला तर चालतं.

माझं काम लपायचं.
दाराआडून दार चार बोटं उघडं धरायचं,
पलंगाखाली पडून चादरीची सुरकुती ओढायची,
कठड्याखाली उकिडवं बसून
पडदा असा हलवायचा, की वाटावं वारा आला.
गिमारायशच्या त्या बक्षीस मिळालेल्या फोटोतला वारा
मी आहे.
आई मासिक चाळते, विचारते, यात तू कुठेयस?
मी बोट ठेवतो. हा काय, पडद्यामागे.
ती चष्मा लावून बघते,
मग मासिक मिटते आणि कोबी चिरायला घेते.

घर पाहावं बांधून, म्हणतात.
आम्ही पाहतो रिकामं करून.

फेब्रुवारीत पुन्हा आफीफेला गेलो,
त्याच काँक्रीटच्या घरी, जिथं मी पहिलं दार धरलं होतं.
आता ते विकायचंय.
पहिल्यासारखं दिसू द्या, मुलगा म्हणाला.
आम्ही उचलायला लागलो:
औषधांचे डबे, फ्रीजवरची बिलं,
कुत्र्याचं भांडं. कुत्रा कुठं दिसला नाही.
ट्रायपॉडच्या मागे ढीग वाढत गेला,
पुढे घर वयानं लहान होत गेलं.

शेवटी आरामखुर्ची सरकवली,
तर मागे उघड्या काँक्रीटवर
वीतभर डाग.
डोक्याच्या तेलाचा. रोज एकाच जागी टेकलेल्या डोक्याचा.
तिथं बसून तो बोटींसाठीचं हवामान ऐकायचा,
एर्मेलिंडा म्हणाल्या. बोट नव्हती आमची कधी.

कॉम्प्युटरवर पुसता येईल ना? मुलगा.
येईल. दोन मिनिटं.
झुल्मिरानं बुडबुड्याकडे पाहिलं, मग डागाकडे.
मला म्हणाली, खुर्ची आण. बस.
लपू नकोस आज. डोकं टेक, डाग झाकला जाईल.

मी टेकलं.
डाग चार बोटं वर राहिला.
पाठ ताणली, मान ताणली,
तरी दोन बोटं.
उंच होता तो, एर्मेलिंडा म्हणाल्या,
आणि हसल्या, एकदम, तोंडावर हात न ठेवता.
झुल्मिरानं तेव्हाच बटण दाबलं,
न सांगता.

मग थंडी वाजली म्हणून एर्मेलिंडांनी पाणी उकळलं,
आणि आमच्या वाडग्यातलं एक लिंबू
न विचारता चिरलं.
मी काही बोललो नाही. ती लिंबं कुणी कधी चिरली नव्हती.
तिघांनी कढत पाण्यात पिळून प्यायली,
मुलगा बाहेर फोनवर होता.

दलालानं तो फोटो घेतला नाही.
खिडकीचा घेतला, समुद्रासकट.

आता वाडग्यात आठ आहेत.
परवा ब्रागात, कोऱ्या पांढऱ्या स्वयंपाकघरात,
मी सवयीनं खळगा मागच्या बाजूला वळवला.
झुल्मिरा पुढे आली,
वाडगा परत फिरवला,
आणि म्हणाली, हां, आता दाराआड जा.